कुरवांचे निरीक्षण

समुद्रकिनारे, खाड्या, बंदरे आणि मोठी सरोवरे यांच्या परिसरात वावरणारे, पांढऱ्या व करड्या रंगांचे, लांब पंखांचे आणि पडदेयुक्त पायांचे जे पक्षी सामान्यतः ‘सीगल’ या इंग्रजी नावाने ओळखले जातात, त्यांना मराठीत कुरव म्हणतात. हिवाळ्यात कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर त्यांचे थवे सहज दृष्टीस पडतात. परंतु इतक्या सहज दिसणाऱ्या या पक्ष्यांकडे बारकाईने पाहिले जातेच असे नाही. बहुतेकांना सर्व कुरव एकाच जातीचे व एकाच रूपाचे वाटतात. वास्तविक एकाच थव्यात तीन-चार जातींचे आणि निरनिराळ्या वयांचे पक्षी एकत्र बसलेले असतात. प्राण्यांच्या वर्तनाचा जो शास्त्रशुद्ध अभ्यास विसाव्या शतकात उभा राहिला, त्यातील काही महत्त्वाचे निष्कर्ष कुरवांच्या साध्या पण चिकाटीच्या निरीक्षणातून मिळालेले आहेत. अलीकडे मात्र कुरव पाहणे म्हणजे त्यांना खाद्य टाकून भोवती गोळा करणे, अशी समजूत रूढ होत आहे. या दोन गोष्टींतील फरक पक्ष्याच्या व पाहणाऱ्याच्याही दृष्टीने महत्त्वाचा आहे.

वर्गीकरण व वितरण : कुरवांचा समावेश कॅराड्रिइफॉर्मिस गणाच्या लॅरिडी कुलात होतो. जगात त्यांच्या सु. ५० जाती आहेत. पूर्वी यांतील बहुतेक जाती लॅरस या एकाच वंशात घालीत असत. डीएनएच्या अभ्यासानंतर एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून त्यांची क्रॉइकोसेफॅलस, इक्थिईटस, लॅरस इ. अनेक वंशांत विभागणी करण्यात आली आहे. सर्वांत लहान कुरवाची लांबी ३० सेंमी.पेक्षा कमी असते, तर सर्वांत मोठ्या जातीच्या पक्ष्याचा पंखविस्तार दीड मीटरहून अधिक असतो.

कुरव सर्व खंडांच्या किनाऱ्यांवर आढळतात. ‘सी’ म्हणजे समुद्र हा शब्द त्यांच्या इंग्रजी नावाला चिकटलेला असला, तरी सर्वच कुरव समुद्रावर अवलंबून नसतात. किटिवेक ही जाती प्रजननकाळ सोडल्यास खुल्या महासागरावर राहते. उलट दक्षिण अमेरिकेतील करडा कुरव किनाऱ्यावर अन्न मिळवितो, पण घरटे मात्र किनाऱ्यापासून दूर, अटाकामाच्या रखरखीत वाळवंटात करतो. गालॅपागस बेटांवरील दुभंगलेल्या शेपटीचा कुरव रात्री अन्न शोधतो. भारतात हिवाळी पाहुणे म्हणून येणाऱ्या अनेक कुरवांचा जन्म मध्य आशियातील सरोवरांच्या काठी झालेला असतो.

सुरय या पक्ष्यांशी कुरवांचे जवळचे नाते असून किनाऱ्यावर दोघे बहुधा शेजारी बसलेले दिसतात. सुरय सडपातळ असून त्याची चोच सरळ व टोकदार आणि शेपटी बहुधा दुभंगलेली असते. मासा दिसताच तो हवेतून पाण्यात सूर मारतो. कुरवाचा बांधा भरदार, चोच जाड व टोकाशी किंचित वाकलेली आणि शेपटी बहुतेक जातींत गोलसर वा सरळ कडेची असते. तो सहसा सूर मारीत नाही. पाण्यावर बसून पोहतो किंवा उडत उडत पृष्ठभागावरील अन्न उचलतो.

शरीररचना : समुद्राचे खारे पाणी पिऊन जगणे बहुतेक प्राण्यांना शक्य नसते. कुरवाच्या डोळ्यांच्या वर कवटीच्या खोबणीत लवण-ग्रंथींची एक जोडी असते. रक्तातील जादा मीठ या ग्रंथी वेगळे काढतात आणि ते दाट द्रावणाच्या रूपाने नाकपुड्यांतून बाहेर पडते. वाळूवर स्वस्थ बसलेल्या कुरवाच्या चोचीच्या टोकाशी लोंबणारा व मधूनमधून मान हलवून झटकला जाणारा थेंब हा या ग्रंथींचा स्राव असतो. सागरी पक्ष्यांतील या ग्रंथींचे कार्य क्नूट श्मिट-नील्सन व त्यांचे सहकारी यांनी १९५० नंतरच्या दशकात उलगडून दाखविले.

बहुतेक जातींत पंखांची टोके काळी असतात, हेही निष्कारण नाही. पिसांना काळा रंग देणारे मेलॅनीन हे रंगद्रव्य पिसाला बळकटीही आणते. उडताना सर्वांत अधिक झीज पंखांच्या टोकांची होत असल्यामुळे तेथील पिसे काळी असणे उपयुक्त ठरते. एखाद्या जुन्या पिसाऱ्यात टोकाचा पांढरा ठिपका झिजून नाहीसा झालेला आणि भोवतालचा काळा भाग मात्र शाबूत असलेला आढळतो. पोटाकडील पांढरा रंग खालच्या माशांना आकाशाच्या उजेडात पक्षी चटकन दिसू नये यासाठी उपयोगी पडतो, असे मानले जाते.

पिसाऱ्यातील बदल व वय : कुरव ओळखताना येणारी मुख्य अडचण वयानुसार बदलणाऱ्या पिसाऱ्याची असते. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या वर्षी पिलू तपकिरी छटांचे असते आणि दरवर्षी पिसे गळून नवी येताना ते क्रमाक्रमाने प्रौढाचे रूप धारण करते. लहान जातींना यासाठी सु. दोन, मध्यम जातींना तीन आणि मोठ्या जातींना चार वर्षे लागतात. पहिल्या हिवाळ्यातील पक्ष्याच्या पंखांवर तपकिरी पट्टा आणि शेपटीच्या टोकाशी काळसर आडवी पट्टी असते. चोच व पाय यांचे रंगही फिके असतात. त्यामुळे एकाच जातीचे लहानमोठे पक्षी दोन वेगळ्या जातींचे वाटण्याचा संभव असतो.

प्रौढ पक्ष्याचे रूपही वर्षभर एकसारखे राहत नाही. तपकिरी डोक्याच्या व काळ्या डोक्याच्या कुरवांची डोकी, त्यांच्या नावांना न जुमानता, हिवाळ्यात पांढरी असतात. कानापाशी फक्त एक गडद डाग उरतो. डोक्यावरचा गडद बुरखा प्रजननकाळापूर्वी येतो. कोकणात हे पक्षी मुख्यतः हिवाळ्यात येत असल्यामुळे नाव व रूप यांत विसंगती वाटते. फेब्रुवारी-मार्चपासून मात्र थव्यातील एकेका पक्ष्याचे डोके रंगू लागते व काही अर्धवट रंगलेली, चट्टेपट्टे असलेली डोकीही दिसतात. परतीच्या प्रवासाची तयारी चालू असल्याचे हे सर्वांत ठळक चिन्ह होय.

कोकण-गोवा किनाऱ्यावरील जाती : तपकिरी डोक्याचा कुरव ही या किनाऱ्यावर विपुल आढळणाऱ्या जातींपैकी एक होय. त्याची लांबी सु. ४२ सेंमी. असून पाठ व पंख फिक्या करड्या रंगाचे असतात. प्रौढाचे पाय व चोच लाल असून चोचीचे टोक काळसर असते. पंखांची टोके काळी असून त्यांवर मोठे पांढरे ठिपके असतात. पक्षिनिरीक्षक त्यांना ‘आरसे’ म्हणतात. प्रौढाच्या डोळ्यातील बाहुलीभोवतालचे वर्तुळ फिके असते.

काळ्या डोक्याचा कुरव याच्यापेक्षा थोडा लहान व सडपातळ असतो. त्याचे डोळे गडद असतात. उडताना पंखाच्या पुढच्या कडेने टोकाकडे जाणारा पांढरा पाचरीसारखा पट्टा दिसतो आणि टोकांना काळी किनार असते. दोन्ही जाती एकत्र बसल्या असता त्यांत गोंधळ होतो. थवा उडाला की पंखांच्या टोकांवरून निर्णय करता येतो. बारीक चोचीचा कुरव आकारमानाने यांच्यासारखाच असतो. पण त्याची चोच लांब, कपाळ उतरते आणि डोके बाराही महिने पांढरे असते. गुजरातच्या किनाऱ्यावर तो अधिक दिसतो. त्याच्या पोटावर काही वेळा फिकट गुलाबी छटा असते.

मोठ्या जातींत पल्लासचा कुरव लक्ष वेधून घेतो. त्याची लांबी ६० ते ७२ सेंमी. असते. प्रजननकाळातील पिसाऱ्यात त्याचे डोके गडद काळे आणि पाय व चोच पिवळी असतात. चोचीच्या टोकाशी तांबडा-काळा पट्टा असतो. थव्यात तो उभा राहिला की इतर कुरव त्याच्या शेजारी अगदी लहान दिसतात. हॉयग्लिनचा कुरव हाही मोठा असून त्याची पाठ गडद पाटीसारख्या करड्या रंगाची, पाय पिवळे आणि पिवळ्या चोचीच्या खालच्या भागावर तांबडा ठिपका असतो. याच्याच निकटच्या, पण फिक्या पाठीच्या स्टेप कुरवाचे पक्षीही या थव्यांत मिसळलेले असतात.

ऋतुचक्र व स्थलांतर : कुरवांचे आगमन पावसाळा सरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात त्यांची संख्या सर्वाधिक असते आणि एप्रिलपर्यंत बहुतेक पक्षी निघून जातात. प्रजननाच्या वयात न आलेले काही पक्षी क्वचित मागे राहतात.

तपकिरी डोक्याचे कुरव लडाख, तिबेट, पामीर व मंगोलिया या उंच व थंड प्रदेशांतील सरोवरांच्या काठी आणि बेटांवर वसाहती करून घरटी बांधतात. लडाखमधील त्सो मोरिरी व त्सो कार ही सरोवरे सु. ४,५०० मी. उंचीवर असून तेथे त्यांची वीण होते. ही सरोवरे व कोकण यांतील अंतर सरळ रेषेत मोजले तरी १,६०० किमी.हून अधिक भरते आणि वाटेत हिमालयाच्या रांगा असतात. गोड्या वा मचूळ पाण्याच्या, हिवाळ्यात गोठणाऱ्या सरोवरावर जन्मलेला हा पक्षी वर्षाचा मोठा भाग उष्ण कटिबंधातील खाऱ्या पाण्यावर काढतो. हॉयग्लिनचा कुरव रशियाच्या उत्तरेकडील टंड्रा प्रदेशातून, तर पल्लासचा कुरव कॅस्पियन समुद्रापासून मंगोलियापर्यंतच्या पट्ट्यातून येतो. अशा रीतीने एका पुळणीवर बसलेल्या थव्यात अतिशय भिन्न प्रदेशांतील पक्षी एकत्र आलेले असतात. सायबीरियापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेल्या या प्रवासमार्गाला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. त्यात ३० देशांचा समावेश होतो.

निरीक्षणाच्या जागा, वेळ व पद्धती : कुरव पाहण्यासाठी खाडीची मुखे, रुंद पुळणी, मासळी उतरविण्याचे धक्के आणि मिठागरे या जागा उत्तम होत. रायगड जिल्ह्यातील आक्षी, रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णै व आंजर्ले आणि गोव्यातील शापोरा नदीच्या मुखाजवळील मोरजी येथे हिवाळ्यात कुरव व सुरय यांचे मिश्र थवे जमतात. मुंबईच्या परिसरात ठाणे खाडी व बंदराचे पाणी येथे ते मोठ्या संख्येने असतात. रापण ओढली जात असताना, तसेच मच्छीमार बोटी परत येण्याच्या वेळी ते हमखास जवळ येतात.

निरीक्षणाची वेळ भरती-ओहोटीवरून ठरवावी लागते. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर व खडपांवर पक्षी दूरवर विखुरतात. भरतीचे पाणी चढू लागले की ते उंच राहिलेल्या वाळूच्या पट्ट्यावर दाटीने येऊन बसतात व बराच वेळ विश्रांती घेतात. हीच वेळ त्यांची तुलना करण्यास सोयीची असते. दुपारच्या प्रखर उन्हात पांढरा रंग डोळ्यांना दिपवितो आणि पाठीच्या करड्या छटांतील भेद कळत नाहीत. म्हणून सकाळचा, तसेच उतरत्या दुपारचा उजेड चांगला. सूर्य पाठीशी असावा.

आठ किंवा दहा पट मोठे दाखविणारी दुर्बीण पुरेशी असते. दूरच्या थव्यासाठी तिकाटण्यावरील दूरदर्शक उपयोगी पडतो. प्रथम सर्वांत परिचित जातीचा एक प्रौढ पक्षी निवडून त्याचे आकारमान, चोच, डोळे, पाय व पाठीची छटा नीट पाहून घ्यावी आणि मग इतर पक्ष्यांची त्याच्याशी तुलना करावी, ही पद्धत उत्तम. त्यानंतर वय आणि शेवटी जाती ठरवावी. एकाच लक्षणावरून निर्णय करणे धोक्याचे असते, कारण पाठीची छटा उजेडाप्रमाणे व पायांचा रंग वयाप्रमाणे बदलतो. पायात धातूचे वा रंगीत कडे असल्यास त्यावरील अक्षरे टिपून घ्यावीत. अशा नोंदींवरून पक्ष्याचा प्रवास व वय समजते. हेरिंग कुरव ३० वर्षांहून अधिक काळ जगल्याचे पायातील कड्यांवरूनच कळून आले.

थव्यापासून अंतर राखणे हा निरीक्षणाचा पहिला नियम होय. माना वर करून सर्व पक्षी एका दिशेने पाहू लागले, तर आणखी जवळ जाणे थांबवावे. पुळणीवर धावणारी वाहने व मोकाट कुत्रे यांमुळे थवा पुनःपुन्हा उडतो व लांबच्या प्रवासासाठी साठविण्याची शक्ती व्यर्थ खर्च होते.

अन्न मिळविण्याच्या रीती : कुरव सर्वभक्षी आहेत. मासे, खेकडे, शिंपले, कृमी, कीटक, मेलेले प्राणी व माणसाने टाकलेले अन्न यांपैकी जे मिळेल ते खातात. अन्न मिळविण्याच्या त्यांच्या रीती मात्र पाहण्यासारख्या असतात. काही जाती शिंपला चोचीत धरून उंच उडतात व कठीण जमिनीवर टाकून तो फोडतात. ओल्या चिखलात किंवा गवतावर उभे राहून पाय जलद आपटण्याची त्यांची सवय आहे. त्या हादऱ्यांनी कृमी वर येतात. सुरय व इतर पक्ष्यांचा पाठलाग करून त्यांनी धरलेला मासा पळविण्यातही ते पटाईत असतात. चालत्या बोटीवरून वर वळणाऱ्या वाऱ्याच्या झोतावर पंख न हलविता तरंगत राहून ते फारसे श्रम न करता बोटीचा पाठलाग करतात.

वर्तन व त्याचा अभ्यास : कुरवांच्या वर्तनाचा पद्धतशीर अभ्यास प्रामुख्याने निको टिनबर्जेन (१९०७—८८) या डच शास्त्रज्ञांनी केला. हेरिंग कुरवाच्या वसाहतींत त्यांनी अनेक ऋतू निरीक्षणे केली व त्यांवर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे बरेचसे काम महागड्या उपकरणांवाचून, आडोशाला बसून, दुर्बीण, वही व पुठ्ठ्याच्या प्रतिकृती यांच्या साहाय्याने झाले.

हेरिंग कुरवाच्या पिवळ्या चोचीवरील तांबडा ठिपका ही वरवर पाहता केवळ शोभेची खूण वाटते. पिलू या ठिपक्याच्या रोखाने चोच मारते आणि त्यामुळे मोठा पक्षी गिळलेले अन्न बाहेर काढून त्याला भरवितो, हे टिनबर्जेन यांनी निरनिराळ्या रंगांच्या ठिपक्यांच्या प्रतिकृती पिलांपुढे धरून तपासले. हाच ठिपका कोकणात येणाऱ्या हॉयग्लिनच्या कुरवाच्या चोचीवरही पाहता येतो. त्याचा उपयोग मात्र हजारो किमी. दूर, टंड्रातील घरट्यात होत असतो.

काळ्या डोक्याच्या कुरवाविषयीची एक लहानशी बाब अशीच बोधप्रद ठरली. पिलू बाहेर आल्यानंतर हा पक्षी अंड्याचे रिकामे कवच चोचीत धरून घरट्यापासून दूर नेऊन टाकतो. या कामाला एखादे मिनिटही पुरते. मग एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न टिनबर्जेन व त्यांचे सहकारी यांना पडला. इंग्लंडमधील रेव्हनग्लास येथील वसाहतीजवळ त्यांनी काही अंड्यांच्या शेजारी फुटकी कवचे ठेवली व काहींच्या शेजारी ठेवली नाहीत. कवचाच्या आतील पांढऱ्या बाजूमुळे कावळ्यांना शेजारची अंडी लवकर सापडतात, असे आढळून आले. १९६२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पिलू वाळेपर्यंत पक्षी काही वेळ थांबतो, याचेही कारण मिळाले : घरटे सोडताच शेजारचे कुरवच ओले पिलू गिळण्याचा धोका असतो. कावळा व शेजारी या दोन संकटांतून पक्ष्याने काढलेला तो मध्यम मार्ग होय.

डोक्यावरील गडद बुरख्याचा उपयोगही अशाच निरीक्षणांतून कळला. प्रतिस्पर्ध्याकडे गडद चेहरा रोखणे ही धमकी असते; नर व मादी एकत्र येताना दोघेही झटकन मान वळवून चेहरा लपवितात व त्यामुळे भांडण टळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणातील थव्यांत उमटू लागणारा डोक्याचा रंग दूरच्या वसाहतीतील या भाषेसाठी असतो. प्राणिवर्तनाच्या अभ्यासाबद्दल टिनबर्जेन यांना १९७३ सालचे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक कोनराट लोरेन्ट्स व कार्ल फोन फ्रिश यांच्याबरोबर विभागून मिळाले.

कुरवही माणसाचे निरीक्षण करतात, असे म्हणण्यास आधार आहे. २०१९ साली इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी असे दाखवून दिले की, माणूस टक लावून पाहत असल्यास खाद्याजवळ येण्यास हेरिंग कुरवांना सरासरीने २१ सेकंद अधिक लागतात.

वर्गीकरणातील पेच : मोठ्या पांढऱ्या डोक्याच्या कुरवांच्या अनेक जाती एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की, त्यांच्या सीमा आखणे कठीण जाते. उत्तर ध्रुवाभोवती त्यांची एक वर्तुळाकार साखळी असून तिच्यातील शेजारचे गट परस्परांशी संकर करतात, पण साखळीची दोन टोके जेथे मिळतात तेथे ती वेगळ्या जातींप्रमाणे वागतात, अशी मांडणी एर्न्स्ट माइर यांनी १९४२ साली केली. नव्या जाती कशा उद्‌भवतात याचे आदर्श उदाहरण म्हणून ती अनेक पाठ्यपुस्तकांत आली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनएच्या अभ्यासावरून मात्र इतिहास याहून गुंतागुंतीचा असल्याचे व ही साखळी त्या अर्थाने पूर्ण नसल्याचे दिसून आले. हॉयग्लिनचा व स्टेप कुरव हे याच समूहातील आहेत. म्हणून त्यांच्या पाठीच्या छटांबद्दल किनाऱ्यावर होणारा वाद केवळ नावांपुरता नसतो.

माणूस व कुरव : माणसाने कुरवांचा उपयोग व छळ दोन्ही केले आहेत. यूरोपात त्यांची अंडी खाण्यासाठी गोळा करीत असत. एकोणिसाव्या शतकात स्त्रियांच्या टोप्या सजविण्यासाठी किटिवेकसारख्या पक्ष्यांची मोठ्या प्रमाणावर शिकार झाली. तिच्याविरुद्ध लोकमत तयार होऊन ब्रिटनमध्ये १८६९ साली सागरी पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. वन्य पक्ष्यांच्या रक्षणासाठी झालेल्या आरंभीच्या कायद्यांत त्याची गणना होते. अमेरिकेतील यूटा राज्यात १८४८ साली पिकांवर पडलेल्या कीटकांचा कुरवांनी फडशा पाडला, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. त्यांच्या स्मरणार्थ सॉल्ट लेक सिटी येथे १९१३ साली स्तंभ उभारण्यात आला. साहित्यात अंतोन चेकॉव्ह यांचे १८९६ साली रंगभूमीवर आलेले नाटक व रिचर्ड बाख यांची १९७० मधील छोटी कादंबरी यांमुळे हा पक्षी सर्वत्र परिचित झाला.

भारतात अलीकडे कुरवांना खाद्य टाकण्याची प्रथा वाढली आहे. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरी व मांडवा येथे जाणाऱ्या बोटी, दिल्लीतील यमुनेचे घाट, वाराणसी व प्रयागराज येथील गंगेचे पात्र, जामनगरचा लाखोटा तलाव अशा ठिकाणी शेव, गाठ्या, वेफर व कुरकुरीत तळलेले पदार्थ हवेत उडविले जातात आणि ते झेलणाऱ्या पक्ष्यांची छायाचित्रे घेतली जातात. यामागे बहुधा भूतदया व कौतुकच असते. परंतु मीठ व तेल यांनी भरलेले हे पदार्थ मासे व खेकडे यांची जागा घेऊ शकत नाहीत. पिशव्यांचे तुकडे पाण्यात पडतात व अन्नाबरोबर गिळले जातात. एका जागी दाटी झाल्याने रोगप्रसाराचा संभव वाढतो. कुरव हे बर्ड फ्ल्यूच्या विषाणूंचे नैसर्गिक वाहक आहेत व बळीही. २०२३ साली यूरोपातील अनेक वसाहतींत काळ्या डोक्याचे कुरव या रोगाने मोठ्या संख्येने मेले. शिवाय खाद्यासाठी झोंबणाऱ्या थव्यात पक्ष्याच्या स्वाभाविक वर्तनापैकी फारच थोडे पाहावयास मिळते. बोटीमागे येणारे कुरव जाळ्यांतून पडणारी मासळी व ढवळलेल्या पाण्यातील जीव यांसाठी खाद्य न टाकताही येतात आणि तितक्याच जवळून पाहता येतात.

संरक्षण : भारतात वन्य पक्ष्यांना पकडणे, मारणे व त्यांची अंडी काढणे यांवर १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने निर्बंध घातलेले आहेत. कुरवांच्या प्रजननस्थानांपैकी त्सो मोरिरीला २००२ व त्सो कारला २०२० साली, तर हिवाळी निवासस्थानांपैकी ठाणे खाडीला २०२२ साली रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. तरीही जमिनीवर घरटी करणाऱ्या या पक्ष्यांना सरोवरांकाठचे मोकाट कुत्रे व वाढती वर्दळ यांपासून, तर किनाऱ्यावर खाजणांची भरणी, तेलगळती व प्लॅस्टिक यांपासून धोका आहे.

विपुल पक्षी सुरक्षितच असतो, ही समजूतही खरी नाही. ब्रिटनमध्ये घरांच्या छपरांवर दिसणारा हेरिंग कुरव इतका नित्याचा की लोकांना त्याचा उपद्रव वाटे. तोच २००९ साली तेथील घटत्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. किटिवेकला २०१७ साली जागतिक पातळीवर संकटप्रवण ठरविण्यात आले. या दोन्ही घटी लक्षात आल्या, कारण अनेक वर्षे कोणीतरी त्यांची जातवार मोजदाद ठेवली होती. भारतात अशी मोजदाद १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत केली जाते आणि ती मुख्यतः हौशी निरीक्षकांच्या बळावर चालते. ‘कुरव, सु. ५००’ अशा नोंदीवरून फारसे काही कळत नाही. जाती व वय यांसह केलेल्या नोंदीवरून मात्र पिलांचे प्रमाण घटले आहे काय, कोणती जाती कमी झाली आणि कोणती किनाऱ्याचा कोणता भाग सोडून गेली, हे दिसू शकते. लडाखच्या सरोवरावरील एखाद्या वर्षाच्या विणीचे यशापयश कोकणच्या पुळणीवर तपकिरी पंखांच्या पिलांच्या संख्येतून वाचता येते. मात्र त्यासाठी ती पिले ओळखणारे व वर्षानुवर्षे त्यांची नोंद ठेवणारे निरीक्षक लागतात.